विश्लेषण : गोलंदाज हवा, पण पंगतीला नको... बाळू पालवणकरांना संघात घेताना पुणे-मुंबईत काय वाद झाले?

उन्हाळा आला की भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. पारावर चर्चा एकच असते. आपल्याकडे फलंदाज आहेत, पण बळी घेणारा हुकमी गोलंदाज नाही. मग शेजारच्या गावातला आणायचा का? आयपीएलच्या लिलावात कोट्यवधींच्या बोलीवर होते तीच ही चर्चा. सुमारे १३० वर्षांपूर्वी पुण्यात अशाच एका गोलंदाजावरून संघात दोन तट पडले होते. त्याच्या गोलंदाजीबद्दल कोणालाच शंका नव्हती. वाद होता तो त्याच्या जातीचा. त्या गोलंदाजाचे नाव बाळू पालवणकर. भारतीय क्रिकेटमधील पहिला मोठा गोलंदाज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांना संघात घेताना प्रत्येक वेळी कशाचा हिशेब झाला आणि त्यांच्या पदरात काय पडले, याविषयी...

बाळू पालवणकर कोण होते?

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातले. पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव आले. चर्मकार समाजातील हे कुटुंब वडिलांच्या लष्कराशी संबंधित नोकरीमुळे पुण्यात स्थिरावले. पुण्याच्या छावणीत त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांचे क्रिकेट जोरात होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळ शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे दोघे भाऊही क्रिकेटमध्ये आले. चार सख्खे भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, असे उदाहरण दुर्मीळच. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतून लिहिले. पालवणकर कुटुंबाविषयीची बरीच माहिती त्यातून मिळते.

शालेय शिक्षण फार झाले नाही. घरखर्चाला हातभार लावण्यासाठी बाळू लहान वयातच कामाला लागले. पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबवर. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि कधीमधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये.

माळीकामातून गोलंदाज कसा घडला?

१८९२ च्या सुमारास बाळू गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये गेले. तेथे पगार ४ रुपये झाला. काम जवळपास तेच होते : रोलर ओढणे, रेषा आखणे, सरावाची जाळी बांधणे. सभासदांना गोलंदाजी करण्याची संधी मात्र इथे भरपूर मिळू लागली. बाळू डावखुरे संथ फिरकी गोलंदाज होते. चेंडू हवेत थोडा तरंगता ठेवायचा, टप्पा अचूक पाडायचा आणि वळवायचा, ही त्यांची पद्धत. त्या काळी खेळपट्ट्या झाकून ठेवल्या जात नसत. पावसाने ओल्या झालेल्या आणि मग उन्हात वाळत असलेल्या खेळपट्टीवर असा गोलंदाज एकट्याने डाव संपवू शकत असे. दिवसभर एका टोकाने न थकता मारा करणारा डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणूनच कोणत्याही संघाला हवा असे.

त्यांच्या गोलंदाजीवर सर्वाधिक सराव केला तो कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग यांनी. ग्रेग हे हॅम्पशायर कौंटीसाठीही खेळलेले, भारतातील युरोपीय संघाचे प्रमुख फलंदाज. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावत, असे सांगतात. बाळूंनी बाद केले की ग्रेग प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशीही आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर आठ वेळा ग्रेग बाद झाले की महिन्याचा पगार सुटला! या देवघेवीत ग्रेग यांची फलंदाजी तयार झाली आणि बाळूंची गोलंदाजीही.

त्या मैदानावर फलंदाजी ही साहेबांची चैन होती आणि गोलंदाजी हे नोकराचे श्रम. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या बाळूंच्या हाती सरावासाठी बॅट क्वचितच आली.

पुण्यात वाद कशावरून झाला?

पुण्यातील हिंदू खेळाडूंचा संघ तेव्हा आकाराला येत होता. पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवायचे, ही त्यांची ईर्षा. त्यासाठी लागणारा गोलंदाज त्याच पूना क्लबच्या मैदानावर रोलर ओढत होता. ग्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची फलंदाजी, तिच्यातील कच्चे दुवे बाळूंइतके कोणालाच ठाऊक नव्हते. क्रिकेटच्या दृष्टीने निर्णय सोपा होता.

अडचण होती ती शिवाशिवीची. संघातील तेलुगू खेळाडू बाळूंना घ्यावे या मताचे होते. मराठी ब्राह्मण खेळाडूंपैकी काहींचा विरोध होता. एकाच चेंडूला सर्वांनी हात लावायचा, खेळ थांबला की एकत्र चहा घ्यायचा, जेवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. या वादात ग्रेग यांनी बाळूंची बाजू घेतल्याचे सांगितले जाते. असा गोलंदाज जातीपायी बाहेर ठेवणे हा हिंदू संघाचा मूर्खपणा ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अखेर जिंकण्याची इच्छा भारी पडली आणि बाळू संघात आले.

मैदानात एक आणि चहाला दुसरे?

घेतले, पण अटी घालून. मैदानावर बाळू इतरांच्या बरोबरीने चेंडू हाताळत. चेंडू विटाळतो की नाही, हा प्रश्न तेथे कोणी काढला नाही. चहापानाची वेळ झाली की मात्र सहकारी पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. ते भांडे नंतर फेकून देता येई. जेवणाचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी. तोंड धुवायचे झाले तर अस्पृश्य समाजातलाच नोकर पाणी आणून देई.

म्हणजे बाळूंच्या चेंडूवर सहकाऱ्याने झेल घ्यायचा, बळी पडला की आनंद साजरा करायचा आणि दहा मिनिटांनी त्याच गोलंदाजाला पॅव्हेलियनच्या पायरीखाली ठेवायचे. संघाने बाळूंचा डावा हात घेतला होता. माणूस म्हणून त्यांना सोबत घेण्याची तयारी अजून व्हायची होती.

साताऱ्यात काय घडले?

भोरकर कापूरहोळला आणि वेल्हेकर चेलाडी फाट्याला ज्या पुणे-सातारा रस्त्यावर येतात, त्याच्या दोन्ही टोकांना बाळूंच्या उमेदवारीची कथा घडली. पुण्याच्या टोकाला संघाने पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवले. त्यानंतर सामना झाला साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी. बाळूंची कीर्ती तिथवर पोहोचली होती. त्यांचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवल्याचे सांगितले जाते. बाळूंनी तरीही सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रोलर ओढला होता, त्याला रोलरने रोखण्याचा बेत फसला.

या विजयांनंतर पुण्यात बाळूंचे जाहीर कौतुक झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांनीही त्यांची प्रशंसा केल्याचे क्रिकेटच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. बाळूंच्या बळींमुळे जातीचा प्रश्न मैदानाबाहेर, सभांपर्यंत गेला.

मुंबईने त्यांना कसे घेतले?

१८९६ च्या सुमारास प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. काही काळ लष्करात आणि नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला होता. त्या जिमखान्यालाही हुकमी गोलंदाज हवा होता. वाद इथेही झाला, या वेळी काही गुजराती सभासदांच्या विरोधामुळे. कर्णधाराने आग्रह धरला आणि बाळूंचा प्रवेश झाला.

मुंबईत एक फरक पडला. जिमखान्यात हळूहळू सहकाऱ्यांसोबत खाण्यापिण्याची मुभा त्यांना मिळाली. पुण्यातील मातीच्या भांड्याच्या तुलनेत हे मोठे पाऊल होते. पुढे शिवराम यांनाही संघात स्थान मिळाले.

१९०६ चा सामना इतका महत्त्वाचा का?

मुंबईत १८९२ पासून युरोपीय आणि पारशी संघांत प्रेसिडेन्सी सामने होत. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ प्रथमच युरोपीयांशी भिडला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपीय संघ १९१ आणि १०२ धावांत गारद झाला. विजय १०९ धावांचा. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच असे आठ बळी घेतले.

वंगभंगाच्या चळवळीचा तो काळ. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद मुंबईबाहेरही पसरला. सुधारकांनी या विजयाकडे आणखी एका नजरेने पाहिले. जातीची अट सैल केली म्हणून हा संघ जिंकला, मग समाजाचे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. पुढच्या वर्षी पारशांसह तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लीम संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

इंग्लंड दौऱ्यात काय कामगिरी झाली?

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. हिंदू, मुस्लीम, पारशी खेळाडूंच्या त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ होते. दौरा संघासाठी फारसा यशस्वी ठरला नाही. एकूण २३ सामन्यांत ६ विजय, १५ पराभव आणि २ सामने अनिर्णित.

बाळूंची कामगिरी मात्र वेगळी ठरली. वयाची पस्तिशी गाठलेल्या या गोलंदाजाने दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ बळी आणि लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात दोन्ही डावांत मिळून ११ बळी. सॉमरसेटवर एका गड्याने विजय मिळाला, त्यात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या. म्हणजे दौऱ्यातील दोन मोठ्या विजयांत दोन पालवणकर पुढे होते.

मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिल्याचे सांगितले जाते. बाबासाहेबांच्या पिढीला बाळू हा मोठा आधार वाटत होता. आपल्यातला माणूस संधी मिळाली तर कोणापेक्षाही कमी पडत नाही, हे धावफलकावर छापून आले होते.

कर्णधारपद का मिळाले नाही?

बाळूंच्या कारकिर्दीतील हाच सर्वांत बोचरा प्रश्न. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. म्हणजे सामन्यामागे पाचहून अधिक बळी. ज्येष्ठता होती, अनुभव होता, इंग्लंडमधील यश होते. १९१० नंतर दरवर्षी कर्णधारपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा होई आणि दरवर्षी ते पद दुसऱ्याकडे जाई. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनीही हा मान खरे तर बाळूंचा होता, अशी भावना जाहीरपणे व्यक्त केली.

गोलंदाज घेताना संघ बळी मोजत होता. कर्णधार निवडताना मोजमाप बदलत होते. कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो, आदेश देतो, संघाच्या वतीने बोलतो. सवर्ण खेळाडूंनी दलित खेळाडूचा आदेश मानायचा, इथे गाडी अडत होती.

१९२० मध्ये ठिणगी पडली. चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी पडल्यावर नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधर यांच्याकडे सोपवण्यात आले. देवधर उत्तम फलंदाज होते, पुढे त्यांचे नाव भारतीय क्रिकेटमध्ये आदराने घेतले गेले. पण तेव्हा पालवणकर बंधू त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका जाहीर निवेदनातून मांडली. जातीमुळे होणारा अन्याय त्यांनी उघडपणे बोलून दाखवला. लोकांचाही पाठिंबा मिळाला. अखेर पारशांविरुद्धच्या सामन्यासाठी पै परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा काळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने युरोपीयांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाला नाकारलेली जागा धाकट्याला मिळाली, तोवर थोरल्याचे खेळण्याचे दिवस संपले होते.

अमेरिकेत बेसबॉलमध्येही असेच झाले का?

क्रिकेटमध्ये जे महत्त्व आघाडीच्या गोलंदाजाचे, तेच बेसबॉलमध्ये सामना सुरू करणाऱ्या ‘पिचर’चे. त्याच्यासाठी संघ खेळाडूंची अदलाबदल करतात आणि चाहते महिनोन्‌महिने त्यावर वाद घालतात. अमेरिकेतही १८८० च्या दशकात कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या संघांची दारे बंद होत गेली. सॅचेल पेज हा तेथील सर्वोत्तम पिचरपैकी एक. त्याची उमेदीची वर्षे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये गेली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ही भिंत ओलांडली आणि १९४८ मध्ये क्लीव्हलँडने पेजला घेतले. तेव्हा त्याचे वय ४२ होते.

दोन्हीकडे भेदभावाची तऱ्हा वेगळी होती. पेजला मैदानाबाहेर ठेवले गेले. बाळूंना मैदानात घेतले आणि पॅव्हेलियनबाहेर ठेवले.

राजकारणात ते कसे आले?

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात आले. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत डॉ. आंबेडकरांसोबत त्यांचेही नाव आहे. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाळूंचा कल हिंदू समाजात राहून सुधारणा घडवण्याकडे आणि काँग्रेसकडे होता. १९३३ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक ते हरले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. अंतर २,०२० मतांचे.

या लढतीतही जुनीच छाया दिसते. एका प्रभावी दलित नेत्यासमोर लोकप्रिय दलित नाव हवे होते, म्हणून बाळूंना उमेदवारी मिळाली. गरज असेल तेव्हा त्यांना पुढे करायचे, हे क्रिकेटने आधीच शिकवले होते. अर्थात बाळूंची स्वतःची राजकीय भूमिका होती आणि दोन हजार मतांचे अंतर त्यांना मिळालेला लोकांचा विश्वासही दाखवते.

आज हा हिशेब कशासाठी?

जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. त्यामुळे कसोटीच्या नोंदवहीत त्यांचे नाव नाही आणि नव्या पिढीतील अनेकांना ते ठाऊकही नाही.

त्यांच्या आयुष्यात चार वेळा ‘घ्यायचे की नाही’ हा प्रश्न उभा राहिला : पुण्यात, मुंबईत, कर्णधारपदासाठी आणि निवडणुकीत. बळी, सामने किंवा मते हवी होती तिथे उत्तर होकारार्थी आले. अधिकार द्यायचा होता तिथे नकार मिळाला. १७९ बळींनी त्यांना संघात जागा मिळवून दिली, चहाच्या टेबलापाशी जागा मिळायला मुंबई गाठावी लागली आणि नाणेफेकीला जाण्याचा मान धाकट्या भावापर्यंत पोहोचला. गावच्या स्पर्धेसाठी पुढच्या वेळी बाहेरचा गोलंदाज ठरेल, तेव्हा तो किती षटके टाकणार एवढीच चर्चा पुरेशी नाही. सामना संपल्यावर तो कोणाच्या पंगतीत जेवायला बसणार, हेही विचारायला हवे.